आधी तळपाय, मग खांब

फेब्रुवारी संपत आला की आमच्या देवासच्या शाळेला एक ठरावीक वास सुटतो. कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, ओला गोंद, सुतळी, आणि खिडकीबाहेर कडुनिंबाची वाळकी पानं. परीक्षा आल्या. मी बारावीला जीवविज्ञान शिकवते, त्यामुळे या दिवसांत मुली माझ्याकडे असं बघतात, जणू बोर्डाचा पेपर मीच घरी बसून काढलाय. खरं तर पर्यवेक्षणासारखं कंटाळवाणं काम दुसरं नाही. तीन तास बसायचं नाही, वाचायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल ऑफिसात जमा. पण यंदा पहिली घंटा झाली आणि मला चक्क आनंद झाला. गेल्या वर्षी याच दिवसांत, पेपर सुटल्यावर याच व्हरांड्यात उभं राहून मी फोनवर एक शब्द ऐकला होता. तो आठवला आणि मी भर वर्गात एकटीच हसले. पहिल्या बाकावरची मुलगी बिचारी घाबरली, आपलं उत्तर दोनदा तपासून बसली.

तो शब्द सांगण्याआधी आबा सांगायला हवेत. आबा म्हणजे माझे वडील. धारला राहतात, वय सहासष्ट, नोकरीत असताना वीज खात्यात बाबू, आणि संध्याकाळी पाचनंतर मल्लखांबाचे वस्ताद. आमचं घराणं मराठी फौजेबरोबर माळव्यात आलं ते तालीम सांभाळायला. फौज गेली, दरबार गेला, तालीम राहिली. घराच्या मागे पत्र्याच्या शेडखाली तांबड्या मातीचा हौदा आणि मधोमध शिसवी खांब, एरंडेल पिऊन पिऊन काळाकुळकुळीत झालेला. मराठी आता आमच्या घरातसुद्धा अर्धीमुर्धी उरली आहे. माझा मुलगा मराठी पाटी अक्षर अक्षर जुळवून वाचतो. पण साधी अढी, सलामी, बोंड, हे शब्द धारच्या हिंदी शाळांतली पोरं आजही शुद्ध मराठीत म्हणतात, कारण आबांना त्यांची हिंदी ठाऊक नाही आणि करूनही घ्यायची नाही.

परीक्षांचा मौसम हा आबांचा वैरी. पोरं महिनाभर गायब होतात. आया येऊन सांगतात, दादा, पेपर झाल्यावर पाठवते. आबा वरवर मान डोलावतात आणि मागे वळून पुटपुटतात की अभ्यासाने कोणाची पाठ सरळ झालीय का आजवर. मग एकटेच खांबाला एरंडेल लावत बसतात. चढायला कोणी नसलं तरी खांब रोज तेलावला पाहिजे. मी लहान होते तेव्हापासून मार्च म्हणजे मला दोन वास: हातातल्या पुस्तकाचा आणि खिडकीतून येणाऱ्या एरंडेलाचा. शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या वह्यांना औषधाचा वास येतो.

आता ज्याची लाज वाटते ते. आबांच्या डाव्या टाचेच्या आतल्या कडेला एक काळा डाग होता. खांब पायांनी आवळायचा, तेल आणि राळ चामडीत मुरायची, त्यामुळे जुन्या खेळाडूंच्या पायाला घट्टे आणि काळपटपणा असतोच. आबा त्याला खांबाचा शिक्का म्हणत. नवीन पोरांना पाय उलटा करून दाखवत: हे बघा, चाळीस साल चढलं की सरकार असा शिक्का मारतं. पोरं कौतुकाने बघायची. कोणी विचारलं नाही की दुसऱ्या टाचेवर का नाही.

मीही नाही. आई गेल्यापासून दिवाळीच्या पाडव्याला मी धारला जाते, आबांना तेल-उटणं लावते. लागोपाठ तीन पाडवे तो डाग माझ्या हाताखाली आला. तीन पाडवे मी तो उटण्याने खसाखसा घासला, जात नाही म्हणून आबांवरच चिडले, नीट धूत जा हो पाय. मी, जी दरवर्षी फळ्यावर त्वचेचं चित्र काढते, रंगपेशी कुठे असतात त्याला बाण दाखवते, पेशी बेताल वाढल्या की काय होतं ते बोर्डात येतं म्हणून दोनदा लिहून घेते. काखेत कळसा म्हणतात तो असा. तिसऱ्या पाडव्याला तो डाग अंगठ्याएवढा झाला होता आणि त्याच्या कडा वेड्यावाकड्या होत्या. मी त्यावर आणखी उटणं चोळलं.

पकडलं ते रेखाने. रेखा मूळची डही गावची, धारला कॉलेजात आहे, आबांची सर्वांत चांगली शिष्या आणि आता निम्मी तालीम तीच चालवते. त्या दिवाळीनंतर महिन्याभरात एका संध्याकाळी तिने खांबावर रक्त पाहिलं. तिने सगळ्यांना ओळीने बसवलं आणि सगळ्यांचे तळपाय पाहिले. कोणाचाही पाय कापलेला नव्हता. मग ती आबांसमोर उभी राहिली. ती मला पुढे सांगत होती की तिला फार भीती वाटली, वस्तादांना पाय दाखवा म्हणायचं कसं, आमच्यात उलट त्यांच्या पाया पडायची रीत. पण ती म्हणाली, "सर, एक पांव बाकी है. आपका."

इंदूरचं इस्पितळ आमच्या अगदी मधोमध. आबा धारकडून बसने यायचे, मी देवासकडून, आणि फाटकापाशी पोह्याच्या गाडीवर भेटायचो. तपासणीचे पहिले निकाल आले त्या दिवशी आम्ही पोहे खाल्ले नाहीत. डाग म्हणजे त्वचेचा कर्करोग निघाला, मेलानोमा, रंगपेशींचा, आणि तो टाचेवर थांबला नव्हता. जांघेत लिंबाएवढी गाठ आली होती, फुप्फुसात ठिपके दिसत होते. टाचेचा तेवढा भाग कापून काढला, मांडीची कातडी तिथे बसवली. पुढारलेला आजार, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आबांनी विचारलं, म्हणजे किती पुढे गेलाय? त्या म्हणाल्या, आपण त्याच्या मागे जोरात धावू एवढं पुढे. मला त्या तिथेच आवडल्या.

आणि मग त्या जे सांगू लागल्या त्याने, खोटं कशाला बोलू, माझ्यातली बाप आजारी असलेली मुलगी क्षणभर मागे सरली आणि जीवविज्ञानवाली मास्तरीण खुर्चीच्या टोकावर येऊन बसली. आबांच्या गाठीचा तुकडा तपासला तेव्हा त्या पेशींच्या एका जीनमध्ये बदल सापडला होता. पेशीला वाढ म्हणून सांगणारं बटण चालूच्या बाजूला अडकून पडलेलं. टाचेवरच्या मेलानोमात हा बदल फार जणांना सापडत नाही, पण आबांना सापडला, आणि तो सापडला म्हणजे औषधाला निशाणा सापडला. दोन प्रकारच्या गोळ्या: एक ते बटण दाबून बंद करते, दुसरी त्याच्या पुढच्या पायरीवर उभी राहते, म्हणजे निरोप आडवाटेने जायला नको. गोळ्या झपाट्याने काम करतात. पण हा आजार लबाड असतो, काही काळाने दुसरी वाट शोधतो. म्हणून सलाईनमधून दुसरं औषध. ते कर्करोगाला हातच लावत नाही. ते आपल्या शरीराच्या रक्षक पेशींना जागं करतं. त्याला वेळ लागतो, सगळ्यांना लागू पडत नाही, पण लागू पडलं तर शरीर शत्रूचा चेहरा लक्षात ठेवतं. कोणाला आधी काय द्यायचं यावर डॉक्टरांचा अजून खल चालतो, दोन्ही एकत्र दिलं तर त्रासही जास्त, आणि सगळीकडे हेच करतात असं नाही. पण आबांचा आजार भराभर वाढत होता. त्यामुळे आधी गोळ्या, आणि काही आठवड्यांनी त्याच्या जोडीला सलाईन.

आबांनी सगळं नीट ऐकलं. बाहेर आल्यावर मी कागद काढून त्यांना पेशीचं चित्र काढून देऊ लागले तर त्यांनी कागद बाजूला सारला.

"मला समजलं बेबी. बाहेरचा पैलवान आपल्या तालमीचा लंगोट लावून आत शिरलाय. आपली पोरं त्याला आपलाच समजून सलाम ठोकून राहिली आहेत. गोळी त्याचे हात धरणार, सलाईन त्याचा लंगोट ओळखवणार. मग पोरं पाहून घेतील."

मी वीस वर्षं शिकवते आहे. माझ्या एकाही वर्गाला प्रतिकारशक्ती मी इतकी सोपी करून सांगू शकले नव्हते. या वर्षी मात्र सांगितली, अगदी लंगोटासकट, आणि मुली हसता हसता विसरायच्या नाहीत याची मला खात्री आहे.

गेल्या वर्षी गोळ्या सुरू झाल्या आणि इकडे बोर्डाचे पेपर सुरू झाले. मौसम अगदी रंगात होता. खातेगावाहून माझ्या सासरची माणसं हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या पाठवत होती, गव्हाला पिवळी झाक आली होती, इंदूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पळस पेटलेला. मला सगळं फार ठळक दिसत होतं. भीतीने माणसाचे डोळे मिटतात असं म्हणतात, माझे उघडले. बसमध्ये शेजारच्या बाईच्या बांगड्या, कंडक्टरची शीळ, मुलींच्या हातावरचे शाईचे डाग, सगळं मी साठवून घेत होते. वर्गात फिरताना मी मनात आबांच्या रक्तातून फिरायची. इथे गोळी पोचली असेल. इथे बटण बंद झालं असेल. कोणी मुलीने पुरवणी मागितली की दचकायची.

मधेच ताप आला. या गोळ्यांनी ताप येऊ शकतो, आला की लगेच कळवायचं, डॉक्टरबाईंनी तीनदा बजावलं होतं. पण पैलवानाची जात. आबांनी दोन दिवस ताप लपवला. कुडकुडत अंगावर घोंगडी घेऊन हौद्याच्या कट्ट्यावर बसले, आल्याचा काढा प्याले, माझ्याशी फोनवर चढ्या आवाजात बोलले. कळवलं तर औषध बंद करतील अशी त्यांना धास्ती. जन्मभर त्यांनी पोरांना शिकवलं की दुखलं तर दाखवू नका, आणि आता तीच विद्या त्यांच्या जिवावर उठली होती. शेवटी रेखाने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि सरळ मला फोन केला. गोळ्या थांबवल्या गेल्या, आठवडाभराने कमी मात्रेवर परत सुरू झाल्या, मग जोडीला पहिलं सलाईन लागलं. त्या आठवड्यात मी आबांना फार बोलले. इतकं की त्यांनी मान खाली घातली. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण त्यांनी दोन दिवस लपवलं होतं, मी तीन वर्षं बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

जांघेतली गाठ आबा रोज स्वतः चाचपायचे. त्यांचं माप फळांचं आणि दाण्यांचं. सुरुवातीला लिंबू. तापाच्या आधी आवळा. मग ताप, मग गप्प. मीही विचारायची हिंमत केली नाही. आणि एक दिवस, जीवविज्ञानाचाच पेपर होता, पेपर सुटला, मी ऑफिसातून मोबाइल घेतला आणि व्हरांड्यात उभं राहून धारला फोन लावला. व्हरांड्यात दोनशे मुलींचा कलकलाट, तिसरा प्रश्न कसला आला गं, तू काय लिहिलंस. आबांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"बेबी, हरभरा."

मी म्हटलं, काय? ते म्हणाले, हरभऱ्याएवढी राहिली. बोट फिरवून शोधावी लागते. त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. मी तिथेच पायरीवर बसले. मुलींना वाटलं मॅडमना चक्कर आली, कोणी पाणी आणलं, कोणी वहीने वारा घातला. मी हसत होते आणि मला थांबता येत नव्हतं. घरी गेले तर स्वयंपाकघरात खातेगावचा हरभरा पडलेला. मी एक घाटा सोलला, दाणा तळहातावर घेतला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग खाऊन टाकला.

उन्हाळ्यात स्कॅन झाला. फुप्फुसातले ठिपके निम्म्याहून विरले होते. दसऱ्याच्या सुमाराला आणखी. अधेमध्ये यकृताने कुरकूर केली, थायरॉइडने डोकं वर काढलं, एक सलाईन पुढे ढकलावं लागलं, अंगावर पुरळ उठून गेलं. सरळ रस्ता कधीच नव्हता. तरी मी प्रत्येक वेळी इंदूरच्या त्या फाटकापाशी उतरताना उल्हसित असायची, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. माझ्या आजोबांच्या काळी या आजाराला नावसुद्धा नसतं. टाचेला काहीतरी चिघळलं आणि माणूस खंगत गेला, एवढंच लोक म्हणाले असते. आणि इथे कोणीतरी कुठल्यातरी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं बसून एक अडकलेलं बटण शोधून काढलं होतं, दुसऱ्या कोणी रक्षक पेशींवरची झापड ओळखली होती, तिसऱ्याने म्हटलं होतं, दोन्ही एकदम करून बघू या. त्यातल्या कोणालाही धार कुठे आहे ते माहीत नाही.

आबांना मात्र एकच ध्यास. मला परत कधी चढू देणार? डॉक्टरबाईंनी पावसाळ्यातच सांगितलं होतं की टाच भरली आहे, अंगाला झेपेल तेवढा व्यायाम करा. आबांनी तो कागद जपून ठेवला आणि मला दाखवत राहिले. मी नाही म्हणत राहिले. आधी पुढचा रिपोर्ट येऊ द्या. तो आला की त्याच्या पुढचा. दुधाने तोंड पोळलं होतं माझं, मी ताकावर फुंकर मारत होते. त्यांनी माझं ऐकलं, हे विशेष. वर्षभर त्यांनी खांबाला तेल लावलं आणि पाय लावला नाही. पण मला दिसत होतं की खांबाशेजारी खुर्ची टाकून बसणारा माणूस जगतो आहे, पण अजून परत आलेला नाही. तो परत आणायचा तर हो मीच म्हणायला हवं होतं, आणि माझी जीभ उचलत नव्हती.

तालमीत एक नवी रीत मात्र त्यांनी सुरू केली. पूर्वी खांबाला नमस्कार केला की चढायचं. आता नमस्काराआधी सगळ्यांनी हौद्याच्या कडेला ओळीने बसायचं आणि तळपाय पुढे करायचे. रेखा टॉर्च घेऊन फिरते. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, टाचा. नवीन डाग, वाढणारा डाग, रंग बदलणारा डाग, कोणाचाही असो, घरी सांगायचा. भिंतीवर आबांनी चुन्याने लिहिलं आहे: आधी तळपाय, मग खांब. मराठी न वाचता येणारी पोरंसुद्धा ते पाठ म्हणतात.

परवा आमचा शेवटचा पेपर झाला. मी दुपारच्या बसने धारला गेले. पर्समध्ये गेल्या आठवड्यातला स्कॅन होता. डॉक्टरबाई बरं झालं असं म्हणत नाहीत, त्या म्हणतात, आता काही दिसत नाही, आपण बघत राहू. मला तेवढं पुरतं. संध्याकाळी तालमीत पाऊल ठेवलं तर जत्रा भरलेली. महिनाभराने पेपर संपवून पोरं परतली होती, एकमेकांना ढकलत होती, तेलाच्या वाट्या फिरत होत्या. रेखाने शिट्टी वाजवली आणि सगळी ओळीने बसली. वीस-बावीस जोड्या पाय उन्हाकडे तोंड करून. आणि ओळीच्या शेवटी, मांडीवर धोतर खोचून, आबा बसले.

रेखा टॉर्च घेऊन एकेक करत त्यांच्यापर्यंत आली, थबकली, आणि तिने टॉर्च माझ्या हातात दिला. मी मातीत बसले. त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला. टाचेवर मांडीच्या कातडीचा गोरट, मऊ तुकडा, कडेने शिवणीची रेघ. बेचक्या पाहिल्या. नखं पाहिली. उजवा पाय पाहिला. परत डावा पाहिला. काही नव्हतं.

"चढू का, बेबी?"

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मला वाटलं होतं मी रडेन, पण मी अगदी पर्यवेक्षकाच्या आवाजात म्हटलं, "चढा."

ते उठले, खांबाला नमस्कार केला, तेलाचा हात तोंडावरून फिरवला आणि पायांनी खांब आवळून साधी अढी घातली. खांबाच्या टोकावरच्या बोंडापर्यंत गेले नाहीत. पुरुषभर उंच गेले असतील, तिथे थांबून त्यांनी सलामी दिली, एक हात सोडून, मान ताठ. खाली रेखा दोन्ही हात पसरून उभी. कोणी टाळी वाजवली नाही, आमच्याकडे खेळाडू उतरेपर्यंत वाजवत नाहीत. उतरले तेव्हा धापा टाकत होते आणि डोळे चमकत होते. कट्ट्यावर बसले आणि त्यांनी आपणहून पाय परत माझ्यापुढे केले.

डाव्या टाचेच्या आतल्या कडेला, त्या नव्या गोरट कातडीवर, अंगठ्याएवढा काळा डाग होता.

 मी ओढणीचं टोक घेतलं आणि तो पुसला. ओढणीला खांबाचं काळं तेल लागलं. निघाला.